बेडशाच्या लेण्यांवरचा माझा निबंध

बाई,

तुमच्या भावाच्या तांदळाच्या दुकानामागची ती खोली आता गोदाम झाली आहे. परवा कामशेतला गेलो तेव्हा शटर अर्धं वर होतं, म्हणून वाकून आत पाहिलं. कॉम्प्युटर होता त्या जागी पोत्यांची थप्पी. वास मात्र तोच, नव्या इंद्रायणीचा. कोंड्याची धूळ बसू नये म्हणून तुम्ही कीबोर्डवर उशीचा अभ्रा चढवून ठेवायचात आणि शिकवणी सुरू होताना तो झटकून, घडी करून मांडीवर घ्यायचात. आम्ही आठजण एका स्क्रीनसमोर दाटीवाटीने बसलेले. तुम्ही पुठ्ठ्याचा तुकडा धरून इंग्रजी मजकूर एकेक ओळ उघडता आणि दर ओळीला विचारता, "हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं?"

त्या दिवशी स्क्रीनवर बेडशाच्या लेण्यांची माहिती होती. वर फोटो, खाली दहा प्रश्न. माझंच गाव, म्हणून मी खूश. दहाही उत्तरं लिहिली, प्रत्येक शब्द दोनदा तपासला आणि वही सगळ्यांत आधी दिली.

"लेण्यांचं तोंड कुठे आहे?" तुम्ही विचारलंत.

"पश्चिमेला, बाई."

"सकाळी तुझ्या अंगणातून लेणी कशी दिसतात?"

"उजळलेली. ऊन थेट तोंडावर येतं."

"मग तुमच्या गावात सूर्य पश्चिमेला उगवतो का?"

पोरं इतकी हसली की तुमचे भाऊ दुकानातून डोकावले. माझे कान तापले. मी म्हणालो, "पण बाई, कॉम्प्युटरवर तसंच लिहिलंय."

"मीच लिहिलंय ते. काल संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर." मग हसणं थांबल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "तू अक्षरं तपासतोस, वाचत नाहीस. इंग्रजी दिसलं की स्वतःचे डोळे घरी ठेवून येतोस. रविवारी सकाळी वर जा. जे दिसेल तेवढंच इंग्रजीत लिहून आण. चुका झाल्या तरी चालतील."

मी गेलो नाही. चुका झाल्या तरी चालतील, हेच मला पटत नव्हतं. लोणावळ्याच्या सायबर कॅफेत बसून तीन ठिकाणची वाक्यं उतरवली आणि नीट जोडली. तुम्ही तो निबंध मला तुमच्याच कॉम्प्युटरवर टाइप करायला लावलात. वाचून झाल्यावर चष्मा पुसलात. "एकही चूक नाही," एवढंच म्हणालात आणि हसलात. दहावीच्या परीक्षेआधी तुम्ही मला पेनड्राइव्ह दिलात. "सगळे धडे यात आहेत. कधीतरी शिकवशील." त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मी अकरावी अर्ध्यावर सोडली आणि लोणावळ्यात हॉटेलात लागलो. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला, तो तेरा वर्षं.

आता मी काउंटरवर असतो. मंगळवारी दुपारी जेवणघर रिकामं असतं, तेव्हा टीव्हीवर इंग्रजी वाचन घेतो. पाहुणे मोबाइलवर आमच्याबद्दल जे लिहितात ते मॅनेजर छापून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवतात, आणि ज्यांना ते वाचता येत नाही त्यांनाच बोलणी बसतात. म्हणून हा वर्ग. खोल्या आवरणाऱ्या मावशी सगळ्यांत हुशार. मोबाइलचा कॅमेरा ओळीवर धरतात, मराठी अर्थ बघतात आणि मग वाद घालतात. मागच्या वर्षी कुणीतरी पोहायचा पूल घाणेरडा असल्याचं लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, "पूल? आपल्याकडं पूल कुटं हाय? ह्यो बाबा हितं आलाच न्हाई!" मॅनेजरनी तो कागद काढला. बाई, त्या दिवशी तुमची फार आठवण झाली.

मग पेनड्राइव्ह काढला आणि तुमचे धडे क्रमाने घ्यायला लागलो. आदल्या दिवशी धडा पाहून ठेवायची माझी सवय आहे, पण गेल्या सोमवारी पाहुण्यांची बस आली आणि ते राहिलं. मंगळवारी शेवटची फाइल सगळ्यांसमोरच उघडली. तो माझा निबंध होता. नाव नव्हतं. खाली तुमचे नेहमीचे दोन प्रश्न होते आणि इतर कुठल्याच धड्यात नसलेला तिसरा: लिहिणारा तिथे गेला होता का?

मी बंद करायच्या आत मावशींचा कॅमेरा फिरला होता. "न्हाई गेला," त्या म्हणाल्या. "पायऱ्या न्हाईत, वटवागळांचा वास न्हाई. वर गेलेलं माणूस पयलं सांगंल, लय धाप लागली. कुनी लिवलंय वो सर?"

मी म्हणालो, "असेल कोणीतरी."

म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. पोरांसमोर एकदा हसं झालं होतं, दुसऱ्यांदा तुम्ही होऊ दिलं नाहीत. आणि मी तेच हसू शाबासकी समजून इतकी वर्षं जपलं. वर्गातले सगळे मला सर म्हणतात. माझी अकरावीसुद्धा झालेली नाही हे त्यांना माहीत नाही. निबंध माझा आहे असं सांगितलं तर किती शिकलोय हेही विचारतील, आणि मग पुढच्या मंगळवारी किती खुर्च्या भरतील कोण जाणे. पण 'हे कोण सांगतंय' असं दर आठवड्याला मीच विचारायचं आणि मलाच विचारल्यावर 'कोणीतरी' म्हणायचं, हे मला झेपत नाही. मंगळवारी सांगणार आहे. आधी निबंध, मग अकरावी.

आज रजा टाकून बेडशाला आलोय. हे पत्र इथेच, लेण्यातल्या खांबाला टेकून वहीत लिहितोय, वहीतच राहील. सकाळचं ऊन लेण्यात कुठपर्यंत जातं ते बघून तुम्हाला लिहायचं होतं. पण कामशेतला गाडी चुकली आणि वर पोहोचेपर्यंत ऊन बाहेर सरकलं होतं. त्यामुळे ते मला अजूनही माहीत नाही, आणि लिहीत नाही.

धाप मात्र लागली.