विंडोजवर न केलेली चाचणी

लासुर्णे

प्रिय दादा,

जयभीम. तू घरचे फोन उचलत नाहीस म्हणून तुझ्यावर रागावणार होते, पण तो हक्क मला उरलेला नाही. आधी घरचं सांगते. आईचा गुडघा बरा आहे. डाळिंबाची खालची पट्टी आण्णांनी काढून टाकली आणि तिथं मेथी केली. वरची झाडं सावरतायत. ठिबकची मोटर चालवणाऱ्या तुझ्या त्या पेटीकडे आण्णा बघत नाहीत आणि कालपर्यंत तुझं नावही काढत नव्हते.

ओलावा बघून मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून मातीतला ओलावा मोजणारी प्रोग्रॅमची लायब्ररी तू सी भाषेत लिहिलीस आणि मला म्हणालास, तेजू, तू हिला पायथॉन भाषेशी जोडून दे. किती मिरवले मी! लिनक्स, मॅक, विंडोज, तिन्ही तऱ्हेच्या कंप्युटरवर चालतील अशा फायली बांधल्या, तिन्ही बिल्ड बिनबोभाट झाले. मळ्यातल्या शेडमध्ये बसवायच्या आधी तू विचारलंस, विंडोजवर चालवून बघितलंस ना? मी बिनदिक्कत व्हय म्हणाले. दादा, बघितलं नव्हतं. माझा लॅपटॉप लिनक्सचा, शेडमधला जुना कंप्युटर विंडोजचा. मला वाटलं, बिल्ड झाला म्हणजे झालंच की. विंडोजची चाचणी वगळायची ओळ मीच टाकली होती, उद्या काढू म्हणून.

परवा ते सगळं पुन्हा उघडलं. तू ओलाव्याचे आकडे ज्या प्रकारात ठेवलेस, त्यातल्या एका आकड्याला लिनक्सवर आठ बाइट जागा लागते आणि विंडोजवर चारच. मी जोडणीत सगळीकडे आठ धरले. त्यामुळे शेडमधला कंप्युटर आकडे भलत्याच जागेवरून उचलत होता. चिखल झाला तरी त्याला माती कोरडीच दिसायची आणि मोटर चालू राहायची. तुझी एकही ओळ न बदलता मी माझी जोडणी दुरुस्त केली आणि शेडमध्येच चालवून बघितली. आता आकडा बरोबर येतो. तो बरोबर आलेला बघून मला रडू फुटलं.

झाडं पिवळी पडली तेव्हा आण्णा भावकीसमोर तुला नाही नाही ते बोलले. मी दारातच होते. जोडणी माझी होती हे तुला माहीत होतं, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस, बॅग उचलून बारामतीला गेलास. आणि मी खुशाल समजले की दादाचंच काहीतरी चुकलं असणार. लाज वाटते रे.

काल आण्णांना सगळं सांगितलं, शिव्या खायच्या तयारीनंच.  ते मेथीत पाणी सोडत राहिले. मग म्हणाले, "पोराला चारचौघांत बोललो म्या. आता त्येच्याम्होरं जाऊन मला बोलता यायचं न्हाय. तू लिहून दे, मी घिऊन जातो." म्हणून हे पत्र. आण्णा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेत, माझं लिहून व्हायची वाट बघत. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्या खोलीच्या दारात उभे असतील. त्यांना आत घे, पाणी दे. आणि माफी मागायला लागले तर मागू देऊ नकोस. ती मी मागायची आहे.

तुझीच,
तेजश्री