नोझल आता धुळ्यालाच मिळणार

शहादा, एप्रिल १९६४, गुरुवार

कळसाडीच्या मगनभाईंचं पाण्याचं इंजिन बंद पडलं. हवं होतं फक्त डिझेल फवारणारं एक नोझल. पण इंजिनाची कंपनी आता दुरुस्तीही स्वतःच करणार, म्हणून सुटे भाग आम्हा दुकानदारांना देणं बंद. सगळा माल धुळ्याच्या डेपोत. तिथला मेकॅनिकच तो घेऊन येणार, आठ दिवसांनी.

मगनभाई दुकानात येऊन म्हणाले, "आठ दिनमा केळी जळी जाई, भाऊ. तुन्हाजोडे एकबी नई का?"

एक नोझल! बारा वर्षं हेच विकलं ना मी? शेवटी त्यांच्या मळ्यात जाऊन जुनंच साफ करून बसवलं. इंजिन दोनदा धडधडलं आणि थांबलं.

निघताना मगनभाई म्हणाले, "तू तरी काय करशी?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.