चौसष्टाची बेरीज

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९
रेणुकाला डेंग्यू निघाला. खामगावच्या दवाखान्यात भरती केली. हे तिच्यापाशी. मी घरी, कारण तिच्या नोकरीचा लॅपटॉप अन् मोबाईल घरी.
निघताना तापातच पोरीनं समजावलं. रोज सातला लॅपटॉप उघडायचा, मोबाईलवर आलेला नंबर टाकायचा, ‘रिपोर्ट’वर दोनदा टिचकी मारायची. तिनं लिहिलेली स्क्रिप्ट कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांवरून फिरून येते अन् तक्ता बनवते. तो आठच्या आत तिच्या वरच्या अविनाश सरांना मेल करायचा. आपोआप जाऊ द्यायचा नाही, माणसाच्या नजरेखालून गेला पाहिजे, असा नियम. माणूस म्हणजे आता मी.
आई, तू फक्त बटन दाबजो, डोकं लावू नको, म्हणाली. दहावीला गणितात एक्क्याऐंशी होते मला.
आजारपण कंपनीला कळवलेलं नाही. तीस तारखेला पर्मनंटची यादी लागणार. नाव आलं की लोणारला सासरी जायची गरज नाही. जावई प्रसेनजितनं दिवाळीपासून एकच धरलं आहे, नोकरी सोड मग ये. त्या घरात पोरीच्या बोलण्याला कोणी हूं म्हणत नाही.

९ सप्टेंबर
तक्ता गेला. सोपं काम. एवढ्यासाठी पोरगी दिवसभर दार लावून बसते.
मला समजलं ते असं. चार दांडगे कॉम्प्युटर, त्यांना होस्ट म्हणायचं. त्यांच्या पोटात एकतीस मशिनी, त्या खऱ्या नाहीतच, व्हर्च्युअल. कोणत्या मशीनला किती प्रोसेसर वाटून दिले, ते तक्त्यात. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं.
संकल्प: रोज पाच इंग्रजी शब्द पाठ. आज डबा करण्यात राहिलं.

१० सप्टेंबर. ७.४०
बेरीज केली. सवय. विहाराच्या नव्वद ताटांचं रजिस्टर बारा वर्षं माझ्याकडे. लग्न असो, मयताचं पुण्यानुमोदन असो, दिली तितकी परत.
चार होस्ट, प्रत्येकी सोळा प्रोसेसर. चौसष्ट. वाटले किती? एकशे चार.
पुन्हा केली. एकशे चार.
चाळीस प्रोसेसर नाहीतच, तरी वाटले! अन् खाली माझ्या पोरीचं नाव.
दवाखान्यात फोन केला. ताप एकशे तीन. विषय काढला नाही.

११ सप्टेंबर
वंदनेत चौथ्या शीलाशी अडकले. खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणायचं अन् सातला खोटा तक्ता पाठवायचा?
ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, तुले जगाचा हिशोब देला कोनं? पोरीच्या प्लेटलेट मोज.
ह्यांना नाही समजायचं.

१२ सप्टेंबर
दुरुस्त केला. सोळावाल्याचे सहा, बारावाल्याचे पाच, असे मोठ्यांचे कमी करत गेले. एक-दोनवाल्यांना हात लावला नाही, गरिबाच्या पोटावर पाय कशाला. ‘टेस्ट’ नावाच्या मशीनचे आठ तसेच ठेवले, कोणाची परीक्षा असेल. खालची बेरीज आपोआप चौसष्ट झाली. डोळे भरून आले.
रेणुकाच्या ध्यानात आलं नसतं. यादीत नाव पक्कं.

१३ सप्टेंबर
कालचेच आकडे भरून पाठवले. दहा वाजेतो अविनाश सरांचे तीन मेल. लाल खूण लावलेले. उघडले नाहीत, दुसऱ्याचं पत्र वाचू नये. पण दखल घेतली, हे कळलंच.

१५ सप्टेंबर
सरांचे फोनवर फोन. आजारपण कळेल म्हणून उचलला नाही. उलट हात जोडलेलं चित्र पाठवलं. मोठ्या माणसाशी नम्र असावं.
रेणुकाचा ताप उतरला. पपईच्या पानांचा रस पाठवला.
इंग्रजी शब्द: एकही नाही. सोमवारपासून. (आज सोमवारच आहे.)

१७ सप्टेंबर
पोरगी घरी आली. वाळून काडी. आल्या आल्या लॅपटॉपापुढं. मी मुद्दाम मागे उभी राहिले, कौतुक ऐकायला.
तिनं एकेक तक्ता उघडून पाहिला. मग म्हणाली, आई, हे आकडे कोनं बदलले?
मी सांगितलं. चौसष्टच आहेत तर एकशे चार देतील कुठून?
रागावली असती तर बरं होतं. हळूच म्हणाली, आई, तुह्या नव्वद ताटांत चारशे मान्सं कसे जेवतात?
मी म्हटलं, पंगती बसवून. सगळे एकदम थोडेच जेवतात.
तेच, म्हणाली. ते मशिनी बी एकदम काम नाही करत.
मग सरांचा फोन आला. ते बोलत राहिले, ही ऐकत राहिली. तक्ता सरांकडून पुढं ग्राहकाला जातो, अन् चाळीस प्रोसेसर गेले कुठं म्हणून त्याची माणसं दोन दिवस शोधत होती. मशिनी ठीक निघाल्या, कागद खोटा निघाला. सरांनी विचारलं, कोणी बदलले.
ही म्हणाली, मीच बदलले, सर.
ठेवल्यावर मी म्हटलं, काऊन खोटं बोलली वं? तर म्हणे, पासवर्ड आईले देला सांगू? ते त्याच्याहून वाईट.
जेवली नाही. मीपण.

२० सप्टेंबर
सर चांगले आहेत. विसरतील. यादी लागायला दहा दिवस आहेत.

३० सप्टेंबर
यादीत नाव नाही. टाईप करणाऱ्याकडून सुटलं असेल, म्हटलं. रेणुकानं मेल वाचून दाखवला. आजपासून काम बंद, लॅपटॉप परत पाठवा.
हे उठून गुरांकडे गेले.

४ ऑक्टोबर
लॅपटॉप खोक्यात भरून खामगावच्या कुरिअरला दिला. रेणुकानं आधी फडक्यानं पुसला, चार्जरची वायर नीट गुंडाळली.
सांजेला लोणारला फोन केला. तिनंच. मी सांगितलं नव्हतं.

६ ऑक्टोबर
प्रसेनजित न्यायला आला. पाहुण्यासारखा वागला. पोरीनं एकच बॅग घेतली. एसटीत चढताना मी विचारलं, मनानं जातेस ना?
हो आई, मजेत, म्हणाली.

७ ऑक्टोबर, मंगळवार. पौर्णिमा
सातला टेबलापुढं जाऊन बसले. मग उठले.
पंचशील म्हणताना चौथं गाळलं. पाचवं म्हटलं.
दहाला शेजारची छकुली ताटं न्यायला आली. लेकाचं नामकरण आहे. मावशी, अडीचशे मान्सं होतील, अन् ताटं नव्वदच. पुरतीन का?
पुरतात, म्हटलं. पंगती बसव.
रजिस्टरात लिहिलं, नव्वद. तिची सही घेतली.