चिमणाबाईच्या रानाची माती

१४ मे १९८३

अखेर पिशव्या आल्या! अकरा. दीड महिना घसा कोरडा केला — रानात नऊ ठिकाणी वीतभर खणा, माती एकत्र कालवा, त्यातली अर्धा किलो मला द्या. उद्या कोल्हापूरला प्रयोगशाळेत जातील. रानाला काय हवं ते कळल्याशिवाय खत ओतायचं नाही, हा माझा हट्ट.

नेसरीजवळच्या या गावात शेतीखात्यानं मला टाकून सहा महिने झाले. "बसा पावणं" म्हणतात, आणि मी बसलो की गप्पा थांबतात.

३ जून

निकाल आले. अकराच्या अकरा जमिनी सकस! चिठ्ठ्या लिहिल्या — शेणखत, पाला आहे तेवढा घाला, युरिया निम्माच बास. आनंद सांगायला कुणी नव्हतं. एकट्यानंच चहा करून प्यालो.

२९ जुलै

भात पिवळं पडलंय. सगळ्यांचं थोडंथोडं, चिमणाबाईचं पार बसलंय. एकटी विधवा बाई, तेवढंच रान. माझी चिठ्ठी तिनं दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतली होती म्हणे, आणि युरिया मोजून निम्माच टाकला.

३० जुलै

पिशवी देणाऱ्यांपैकीच एक, आकाराम, त्यानं हसत सांगून टाकलं — "पावण्याच्या हातात नापीक माती द्यायची व्हय? गावाची अब्रू हाय की! उकिरड्याजवळची काळीभोर बगून दिली. समद्यांनीच दिली."

पोरगी दाखवायच्या आधी नटवावी तशी माती नटवून दिली मला! हसू की कपाळ बडवू?

२ ऑगस्ट

चावडीवर सगळ्यांना झापलं. बाकीचे हसले. चिमणाबाई हसली नाही, म्हणून तिच्यावरच घसरलो. "खोटी माती दिलीत, आता भोगा!" सर्वांदेखत. ती पदर सावरून निघून गेली.

जेवण गेलं नाही. या गावात "जेवलासा न्हवं?" असं विचारणारं एकच माणूस, आणि मी नेमकं तिलाच बोललो. लाज वाटते.

७ ऑगस्ट

झड लागलीय. दिवसभरात एका माणसाशी बोललो नाही.

११ ऑगस्ट

माफी मागायला चिमणाबाईच्या रानात गेलो. खुरप्यानं तण काढत भांगलत होती. म्हटलं, चुकलो मी. आता युरिया टाका, थोडं सावरेल. पण येत्या उन्हाळ्यात इथलीच माती द्या.

तिनं वर पाहिलं नाही. "सायेब, ह्या रानात माझी पोर पुरलीया. सा म्हयन्यांची हुती. नऊ ठिकाणी खणायचं म्हंतासा — कुदळीला तीच लागली आसती तर?"

कुठं पुरलंय, ते मी विचारलं नाही.