दिदिमाचा खड्डा

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई
२४ एप्रिल २०२५

प्रिय शालिनीस,

सप्रेम नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, म्हणजे जेवतो. कुकरची शिट्टी सापडत नाही. तुळशीला रोज पाणी घालतो. जरा जास्तच होत असावं, ती पिवळी पडली आहे.

फोन तू उचलत नाहीस. काल केयाने उचलला आणि म्हणाली, "आजोबा, आजी इज नॉट अव्हेलेबल." नातीला सेक्रेटरी केलंस! म्हणून हे पत्र उझैरच्या हाती देतोय, तो आज अल ऐनच्या साइटवर चाललाय. ड्रायव्हर माझा, पण तुझ्या बाजूचा. म्हणतो, "शेठ, मॅडम को सॉरी बोलो, खलास."

सॉरीकडे येतोच. आधी ग्रीसमधल्या त्या खड्ड्याचं.

तीस वर्षं रास अल खोरच्या यार्डातून मी लोकांचे पाये खोदतोय. दिदिमाला गाइडबाईने एवढा गोल, उभ्या कडांचा खड्डा दाखवला आणि म्हणाली, जमीन आपोआप खचली. ना जेसीबी, ना कडांना शोरिंगचा टेकू, वर भिंतीत चक्क छोटं चर्च! तू आपल्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला वसंत बघायला आली होतीस. इथे दुबईत बिचारी चौकातल्या पेट्युनियांच्या फुलांवर भागवतेस. आणि मी काठावर बसून किती डंपर माती गेली असेल ते काढत होतो. (नऊ हजार.) तू खाली फुलांत उभी राहून "अहो, इकडे बघा ना!" म्हणालीस, तर मी सगळ्या बससमोर ओरडलो, "भिंतीपासून लांब हो, माती भुसभुशीत आहे!" ते चुकलं.

मग परतताना एअरपोर्टवर फुलांचं जे झालं ते झालं.

बरं, झालं नाही. मी केलं. तू चहा आणायला गेलीस तेव्हा गाइडबुकात दाबलेली तुझी सगळी फुलं मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. पण त्यात ती लाल फुलं होती, खसखशीच्या जातीची! इथे खसखशीला बंदी. आईने अनारशांसाठी दिलेली पुडी आपण मुंबईलाच टाकून आलो होतो, आठवतं? त्या दिवाळीला तुझे अनारसे टक्कल पडल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, साठाव्या वर्षी फुलांपायी आत जायचो. प्रत्यक्षात दुबईला आपल्या बॅगेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तू विमानात गाइडबुक उघडलंस, रिकामं बघून मिटलंस, आणि उतरल्यावर थेट लेकीच्या, ईशानीच्या गाडीत बसून अल ऐनला तिच्या घरी.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसलो, ते. काल कपडे धुवायला काढले. दिदिमाला घातलेला तो निळा शर्ट, विमानातही तोच होता. त्याच्या खिशात एक चपटं लाल फूल निघालं. तेच, खसखशीवालं. मी काही ते ठेवलेलं नाही. म्हणजे मी एवढा ओरडल्यावरही तू वर आलीस, माझ्या खिशात फूल खोचलंस, आणि मला पत्ता नाही. मी डंपर मोजत होतो. तुझी फुलं फेकून मीच बंदीचा माल छातीवर घेऊन कस्टममधून ऐटीत बाहेर पडलो.

आधी खूप हसलो. मग रडू आलं. शालिनी, घर खायला उठतं गं. माझं चुकलं.

फुलाच्या तीन पाकळ्या उरल्यात. पासपोर्टमध्ये दाबून ठेवलंय. रविवारी गाडी घेऊन येतो. केयाला म्हणावं, त्या दिवशी आजीला अव्हेलेबल ठेव.

मुद्देमालासह हजर होणारा,
तुझाच गुन्हेगार,
अंबादास