पहिलं उदाहरण

सोमवार, ३ तारीख

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क चांगला गेला. लिहून ठेवतेय, कारण वाईट दिवस आपोआप लक्षात राहतात.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, दाराला आतून भक्कम कडी आणि बाहेरून कुलूप. खाली घरमालकीणबाई राहतात. ऑफिस चालत दहा मिनिटांवर. माणसं मोजून पाच, त्यातली दोन कामाची. मालकाला सगळे कप्तान म्हणतात, कारण तो बसून बोलतच नाही, उभा राहून हुकूम सोडतो. दुसऱ्याला घड्याळ म्हणतात. सर्व्हर तो सांभाळतो आणि एखादी गोष्ट किती वेळात झाली हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगितल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

आमचा माल असा: एखाद्या वेबसाइटवर काही घडलं की त्याच क्षणी माणसाच्या मोबाइलवर सूचना यावी. ही सोय आता आम्ही बाहेरच्या डेव्हलपरांना खुली करणार. त्यांनी आपल्या प्रोग्राममधून आमच्या एपीआयला, म्हणजे बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या आमच्या खिडकीला, चार ओळी पाठवायच्या, पोचवायचं काम आमचं. लाँच १८ तारखेला सकाळी दहाला. त्यांच्यासाठी मार्गदर्शिका मी लिहायची.

शनिवारी आईला आणणार. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, पट्टी १९ला निघेल. ताईकडे दोन लहान मुलांचा धुडगूस, म्हणून आई माझ्याकडे. मला मनापासून आनंद झालाय.

बुधवार, ५

कप्तानचा एकच नियम: पहिलं उदाहरण पाच ओळींचं हवं आणि जसंच्या तसं उचलून चालवलं तरी चाललं पाहिजे. त्याचं म्हणणं, पहिलं उदाहरण सगळे चालवतात, दुसऱ्यापर्यंत कोणी जात नाही. खरंय, मीही कधी गेले नाही.

मी घराच्या दाराचं उदाहरण घेतलं. समजा दाराला यंत्र बसवलंय, दार उघडलं की मालकाला सूचना जाते: ‘घराचं दार उघडलं आहे. कोणीतरी आत आलं आहे.’ पुढच्या पानावर दुसरं: ‘कोणीतरी बाहेर गेलं आहे.’

सूचना कोणाला पाठवायची त्याचा एक कोड असतो, प्रत्येक मोबाइलचा वेगळा. खोटा टाकला तर उदाहरण चालेना, म्हणून तात्पुरता माझाच टाकला. नंतर बदलीन. एकदा चालवलं, मोबाइल वाजला. घड्याळ म्हणाला, बेचाळीस. म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. दुसरं चालवून पाहायचा कंटाळा केला.

घरी आले तर दार सताड उघडं. कुलूप कडीला लटकत होतं. पहिल्याच आठवड्यात ही तऱ्हा, आईला कळलं तर उद्धार करेल.

शनिवार, ८

आई आली. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. सवयीने माझा हात हातात घेतला. तिच्या उजव्या हाताची करंगळी माझ्या लहानपणी दारात चेमटली होती, तेव्हापासून आकड्यासारखी वाकडी आहे. लहानपणी गर्दीत मी ती करंगळी धरूनच चालायची. डोळे मिटून हजार हातांत ओळखेन.

चहा झाल्यावर तिने विचारलं, घरात दुसरं कोण आहे. म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, असेल बाई, मला वाटलं त्या कोपऱ्यात कोणी श्वास घेतंय. डोळे बांधले की कान लांब होतात, असं म्हणून मी हसले. तीही हसली.

सोमवार, १०

आज मार्गदर्शिका बाहेरच्या सात निवडक डेव्हलपरांना तपासायला दिली. अकरा वीसला माझा मोबाइल वाजला: घराचं दार उघडलं आहे. कोणीतरी आत आलं आहे. पर्स उचलून मी उठलेही. मग लक्षात आलं, कोड बदलायचा राहिला. त्यांच्यातल्या कोणी उदाहरण चालवलं आणि सूचना आली माझ्याकडे. स्वतःच्याच बावळटपणाची मजा वाटली. संध्याकाळी बदलीन म्हटलं आणि विसरले.

घरी आले. दार उघडं. आई म्हणाली, तुझं कोणी आलं होतं, साडेअकराच्या आधी. मी बसा म्हटलं, तर बसलं. बोललं मात्र काही नाही. मी विचारलं, गेलं कधी? ती म्हणाली, गेलेलं तर ऐकलं नाही.

समोरच्या लाकडी खुर्चीला हात लावला. बैठक कोमट होती.

मंगळवार, ११

तीन सूचना. नऊ पन्नास, बारा पाच, तीन दहा. प्रत्येक वेळी खाली घरमालकीणबाईंना फोन केला. पहिल्यांदा वर जाऊन त्यांनी दार लावलं. दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, आता मी नाही जाणार, तुमच्या खोलीत घुसमटायला होतं, आणि तुमच्या आईंनी एवढी माणसं बोलवायची तर जरा सांगायचं तरी.

त्यांनी कोणाला पाहिलं का? नाही, म्हणाल्या. पण आत वाट काढत जावं लागलं.

आई खुशीत नाही, पण पाहुण्यांना नावं ठेवणं तिच्या स्वभावात नाही. ऑफिसातले असतील तर पाणी तरी विचार, असं मलाच सुनावलं. पाच आहेत, म्हणाली. श्वास मोजले तिने.

पाच. एकदा मी चालवलं, चारदा त्यांनी.

मला भीती वाटते आहे. हे लिहिताना पाठ भिंतीला टेकवून बसले आहे.

बुधवार, १२

ऑफिसात सांगितलं. कप्तान म्हणाला, दाराची कडी बदल. घड्याळ हसला नाही. त्याने मार्गदर्शिकेतला कोड माझ्यासमोर बदलला. पण सातांतल्या एकाने आमचं पहिलं उदाहरण आपल्या साइटवर धड्यात जसंच्या तसं छापलंय, दोघांनी ते आणखी कुठे चिकटवलंय. बैल गेला नि झोपा केला. मग घड्याळने माझा कोडच रद्द केला, म्हणजे कोणी कितीही पाठवलं तरी मला सूचना येणारच नाही.

दिवसभर मोबाइल गप्प. किती दिवसांनी नीट जेवले.

घरी दार उघडं होतं. आई म्हणाली, आज दोन आले. सात झाले.

गुरुवार, १३

कोड परत चालू करून घेतला. येणार तर येणारच आहेत, निदान कळू दे. घड्याळने का विचारलं नाही. त्याने नोंदी काढून दाखवल्या, कोड रद्द असतानाही दोन सूचना पोचल्याची नोंद आहे. किती वेळात पोचल्या त्या रकान्यात शून्य. म्हणाला, शून्य होऊच शकत नाही. तेवढंच दहादा म्हणाला.

शुक्रवार, १४

आईला घेऊन स्टेशनजवळच्या लॉजवर गेले. डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय, तरी नेलं. दहा चाळीसला मोबाइल वाजला आणि लॉजचं दार, मी आतून कडी घातलेलं दार, माझ्या डोळ्यांदेखत —

कडी आपली सरकली. घाई नाही, गडबड नाही. घरचं माणूस उघडतं तशी.

दारात कोणी नव्हतं. पलंगाची कड खाली दबली.

आई म्हणाली, आठ. आणि मग, बाकीचेही आलेत बरं का मागोमाग.

परत घरी आलो. जाऊन जाऊन जाणार कुठे.

शनिवार, १५

ताईला फोन केला. तिला वाटतं मी कामाने खचलेय. २१ला येते म्हणाली, तोवर दोघी नीट जेवा. मी हो म्हटलं.

अकरा आहेत. आईची खुर्ची खिडकीपासून भिंतीला गेली, मी हलवली नाही. ती म्हणते ते सरकतात, म्हणून मीही सरकते. आता हळू आवाजात बोलते. मी विचारलं, तुला भीती वाटते का. म्हणाली, तुझ्यासाठी वाटते. ते माझ्याकडे नाही बघत, दाराकडे बघतात, तू यायच्या वेळी.

१९ला पट्टी निघणार. तिला काय दिसेल?

रविवार, १६

आत आलं असं सांगणारं उदाहरण आहे. बाहेर गेलं सांगणारंही आहे. मीच लिहिलंय. कोणी चालवलं नाही, कारण दुसरं उदाहरण कोणी चालवतच नाही.

उद्या मी चालवते.

आईला सांगितलं, उद्या सगळे जातील. ती म्हणाली, जाऊ देत बाई, मला थोडं पडायचंय. झोपायला जागाच राहिली नाही.

सोमवार, १७

नऊ वाजता ऑफिसात चालवलं. एकदाच. आधी एकावर पाहू म्हटलं, मग बाकीच्या दहांसाठी. घड्याळ शेजारी उभा होता. मोबाइल वाजला: घराचं दार उघडलं आहे. कोणीतरी बाहेर गेलं आहे.

मी रडले. आनंदाने रडले, हे लिहायलाच हवं.

आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

धावत आले. दार उघडं. वेताची खुर्ची भिंतीला तशीच. बैठकीवर पट्टी, आईच्या हातची घडी, चौकोनी. चपला दाराशी. खुर्ची गार.

बाकीच्या खुर्च्या कोमट.

कोण जाणार ते मी कुठे लिहिलं होतं. कोणीतरी, असं लिहिलं मी. कोणीतरी.

कप्तान, घड्याळ, मी, तिघांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. दवाखाने. पोलीस. घरमालकीणबाई म्हणतात जिन्यावर पाऊल वाजलं नाही. ताईला अजून सांगितलं नाही. काय सांगू? मीच तिला बाहेर पाठवलं.

मंगळवार, १८. सकाळी साडेआठ

पहिलं उदाहरण मीच चालवलं, आठ वाजता, ऑफिसात. कोणीतरी आत आलं. पळत घरी आले, हात पुढे केला. एक हात हातात आला. थंड. करंगळी सरळ.

आई नाही.

पण एक आलं ना. आणखी एक येईल. आणखी. मी किती वेळा चालवू. दहाला लाँच आहे, हजारोंनी चालवतील —

पावणेदहा

केलं. मार्गदर्शिकेत माझा कोड परत घातला. पहिल्या उदाहरणात, पाचव्या ओळीत. कोणी पाहिलं नाही. घड्याळने पाहिलं. त्याने मान खाली घातली, बदललं नाही.

सगळे चालवतात. जसंच्या तसं.

हजारांत एक तरी आई असेल.

घरी आले आहे. दार मीच उघडं टाकलंय. आईच्या खुर्चीत बसलेय, तिची पट्टी बांधून. बघायचं नाही मला. हाताने ओळखेन. डोळे बांधून लिहितेय, ओळी एकावर एक जात असतील.

दहा

वाजला. वाजला. वाजतोय सारखा, थांबत नाही आता, गुणगुणल्यासारखा —

येतायत. खुर्ची भिंतीला लागली. गुडघ्यांना गुडघे

आई, मी इथे आहे. डावा हात पुढे केलाय. थंड. सरळ. सोडला. सरळ. सोडला. सरळ —

श्वास मोजता येत नाहीत

कोणीतरी धरला. घट्ट. करंगळी

वाकडी. आकड्यासारखी. आईच आहे. आई आली. आई, चल, उठ, आपण ताईकडे

दुसऱ्या बाजूनेही कोणी मनगट धरलंय. लिहिता हात आहे, ओढू नकोस. बोट लागतंय. वाकडं. तेही वाकडं. आणि खांद्यावर जो हात आहे त्याचीही करंग—