बोटीच्या कडेचा आठ

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल लोर्ना, आधी तुझी माफी मागतो. दर नाताळला तू आठवण केलीस आणि दर वेळी मी म्हणालो, बर्फ वितळू दे.

मी, रॉलंड हाल्व्होर्सन, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार टॅमरॅक सरोवराचा पूर्व किनारा, पाइन फोर्क, विस्कॉन्सिन, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर माझ्या मनाने, माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. माझी शाळा आठवीत सुटली. शब्द चुकला असेल तिथे अर्थ धरावा. सोमवारी दुलुथच्या इस्पितळात माझे हृदय उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. कारण नसेल तर पुन्हा पुन्हा का सांगतात, कोण जाणे.

१. घर, बोट आणि धक्का माझी मुलगी लोर्ना हिला. विकायचे असल्यास विकावे, पण धुराड्यात खारी राहतात हे घेणाऱ्याला आधी सांगावे. नंतर कोणी मला लबाड म्हणायला नको.

२. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे, उरलेले लोर्नाचे. चर्चच्या तळघरात त्या दिवशी कॉफी कडक करावी. आर्डिसच्या वेळी ती पाण्यासारखी झाली होती. बायकोच्या दफनाच्या दिवशी तक्रार कशी करणार?

३. मस्की या मोठ्या शिकारी माशासाठीची, पाण्यावरून चालवायची माझी सगळी लाकडी आमिषे. जावई कर्टिस यांना ती काचेच्या पेटीत लावायची आहेत. त्यांनी रंगीत घ्यावीत. मासा खालून बघतो, त्याला आकाशापुढे फक्त सावली दिसते, रंग दुकानात माणसांना दिसतो. म्हणून त्या पेटीने माशांचे काही नुकसान होणार नाही.

शेपटी गरगर फिरून फटफट वाजणारी आमिषे लोर्नाला. ती वाऱ्याच्या दिवशी बांधावीत. लाटांच्या गलबल्यात माशाला ती ऐकू जातात, आणि बाळ, तुझाही आवाज वाऱ्यात ऐकू जातो. मासा उसळून पाणी फोडेल तेव्हा दचकून गळाची काठी मागे ओढू नकोस. हाताला वजन लागेपर्यंत थांब. हे मी तुला लहानपणापासून सांगतो आहे आणि तू अजून दचकतेस.

४. राहिले काळे आमिष. त्याच्या दोन बाजूंना पत्र्याचे पंख आहेत, दातांनी रंग गेला आहे. दमलेल्या बदकाच्या पिल्लासारखे ते सरकते. वारा पडल्यावर, पाणी स्थिर असताना, हेच बांधावे. हे खाडीपलीकडच्या व्हर्न सॅकेटला द्यावे.

लोर्ना, तू म्हणशील, त्याला कशाला? त्याच्याशी मी बोलत नाही ते याच आमिषामुळे. आर्डिस होती तेव्हाची, ऑगस्टमधली संध्याकाळ होती. मीच ते त्याच्या दोरीला बांधले.

"हे काय दिलंस? मासे हसतील लेका आपल्याला," तो म्हणाला.

"पाणी बघ, आरसा झालाय. आज गोंगाट केलास तर सगळे पळतील. हळू ओढ."

त्याने हळू ओढले. आमिषामागे पाणी फुगले आणि फुगतच बोटीपर्यंत आले. एवढा मासा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. व्हर्न माझ्याकडे वळला, "रॉली, हा बघ, हा बघ!" म्हणाला, आणि आमिष सरळ वर उचलले. आमच्याकडे मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीच्या शेवटी काठीचे टोक पाण्यात घालून बोटीच्या कडेला मोठा इंग्रजी आठचा आकडा काढतात, मगच उचलतात. मागून आलेला मासा त्या वळणावर तोंड टाकतो. हा मासा रिकाम्या पाण्याकडे बघत थांबला आणि खाली गेला.

"आठ, व्हर्न! आठ का नाही काढलास?"

"तुला दाखवत होतो ना!"

"मला डोळे आहेत!"

"आहेत, पण तोंड त्याहून मोठं आहे. मासा काय तुझ्या बापाने पाळला होता?"

आर्डिस गेली तेव्हा तो भाजलेल्या बटाट्यांचे पातेले माझ्या पायरीवर ठेवून गेला. मी ते धुऊन त्याच्या पायरीवर ठेवले. दार दोघांनीही वाजवले नाही.

अट एकच. आमिष खिळ्याला टांगू नये, वापरावे, आणि दर वेळी आठ काढावा.

५. साक्षीदार. पहिली शेजारीण इर्मा कोस्की. दुसरा व्हर्न असावा असे मी म्हणालो, तर ती चिडली.

"ज्याला काही मिळतंय त्याची सही नको, उद्या भानगड होईल. आमिष काढा नाहीतर माणूस बदला. मी पोस्टातल्या बाईंना बोलावते."

"थांब जरा."

"तुम्ही ना, मरतानाही लोकांना ताटकळत ठेवणार!"

म्हणून व्हर्न, हा कागद इर्माच्या हाती तुझ्याकडे पाठवतो आहे. नुसती सही केलीस तर आमिष गमावशील. आमिष हवे असेल तर सही करता येणार नाही. पण मी रात्रंदिवस याचाच विचार केला आणि तिसरी वाट निघते. जिवंत माणसाने हातात दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही. शनिवारी संध्याकाळी वारा नाही म्हणतात, पाणी अजून हाताला कोमट लागते. धक्क्यावर ये. आमिष मीच तुझ्या दोरीला बांधतो. परत आल्यावर चौथ्या कलमावर रेघ मारू, मग तुझी सही चालेल. काठी तूच धर. मी गप्प बसेन. बसायचा प्रयत्न करेन.

ठिकाण: पाइन फोर्क
गुरुवार, ८ सप्टेंबर १९९४

सही: रॉलंड हाल्व्होर्सन

साक्षीदार पहिली: इर्मा कोस्की

साक्षीदार दुसरा: (जागा ठेवली आहे. येणार की नाही, ते शनिवारच्या आत कळव. लवकर कळव.)